‘आपोआप जाईल’ म्हणण्यापूर्वी

गेल्या शिमग्याच्या सुमाराची गोष्ट. बाळाला खोकला झाला म्हणून एक आजी आणि त्यांची सून सात आठवड्यांचे मूल घेऊन माझ्या अलोऱ्याच्या दवाखान्यात आल्या. छाती तपासली. साधी सर्दी होती, काळजीचे कारण नव्हते. पण टोपडे बाजूला केले तेव्हा नाकाच्या शेंड्यावर रातांब्याच्या सालीसारखा लालभडक, थोडा फुगीर चट्टा दिसला. तो दिसू नये म्हणून त्यावर काजळाची मोठी तीट लावली होती. मी विचारले तेव्हा सून मान खाली घालून गप्प राहिली. आजीच म्हणाल्या, “त्या काय नाय डॉक्टर, लासा हाय. गिराणात हिने कायतरी चिरलंन असंल. जाईल आपोआप. तुम्ही खोकल्याचं बघा.”

‘आपोआप जाईल’ हे शब्द ऐकले की मला आजही अस्वस्थ व्हायला होते. कारण नेमके हेच शब्द मी स्वतः १९९७ साली एका आईला सांगितले होते. ती हकिकत पुढे येईलच. आधी हा चट्टा म्हणजे काय ते पाहू.

वैद्यकात याला हिमँजिओमा म्हणतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एका जागी वेगाने वाढून झालेली ही गाठ असते. तो कर्करोग नव्हे, तो शरीरात पसरत नाही आणि दुसऱ्या कोणाला होतही नाही. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती असते. मुलींमध्ये तिचे प्रमाण अधिक, तसेच दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या आणि जुळ्या बाळांतही अधिक. आपण तिला जन्मखूण म्हणतो खरे, पण बहुतेकदा जन्माच्या वेळी ती नसतेच. असलाच तर एखादा फिकट ठिपका किंवा दोन-चार लाल रेघा असतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती डोके वर काढते आणि मग घरात कारणांचा शोध सुरू होतो. कोणी म्हणते डास चावला, कोणी म्हणते पाळण्याची कडी लागली, आणि शेवटी सगळे खापर आईच्या डोक्यावर आणि ग्रहणावर फुटते. ग्रहण वर्षातून दोन-चारदा होते आणि हे चट्टे बारा महिने तेरा काळ येतात, एवढा साधा हिशेबही कोणी करत नाही. त्या बाळाच्या आईने काहीही चिरलेले नव्हते. असते तरी काही बिघडले नसते.

आता ‘आपोआप जाते’ याविषयी. हे खोटे नाही, आणि खरी अडचण तीच आहे. लिस्टर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९३८ साली अशा मुलांचे निरीक्षण करून हे चट्टे पुढे विरतात असे दाखवून दिले. तेव्हापासून ‘हात लावू नका, वाट पाहा’ हा मंत्र डॉक्टरांच्या पिढ्यांनी पाठ केला. आमच्या कॉलेजातही तोच शिकवला गेला. पाठीवर, पोटावर किंवा दंडावर रुपयाएवढा चट्टा असेल तर आजही मी हेच सांगतो. बहुतेक गाठी मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत ओसरतात. पण ओसरतात म्हणजे काय? ज्या घरात पुराचे पाणी शिरते तेथून ते कधीतरी ओसरतेच, पण मागे काय उरते हे चिपळूणच्या माणसाला सांगायला नको. गाठ विरली तरी खाली सैल कातडी, चरबीचा गोळा, लाल रेघांचे जाळे किंवा व्रण राहू शकतो. मांडीवर राहिला तर कोण बघतो? नाकाच्या शेंड्यावर राहिला तर तो आयुष्यभर पहिल्यांदा दिसतो.

चेहऱ्यावर जागेला फार महत्त्व आहे. नाकावरच्या गाठीने आतली कूर्चा वाकडी होते. ओठावरची गाठ पिकते, चिरते, तिथे जखम होते आणि बाळ दुखते म्हणून दूध ओढत नाही. हनुवटी व जबड्यावर दाढीच्या जागी पसरलेला चट्टा असेल तर श्वासनलिकेतही तशीच गाठ असण्याचा संभव असतो. अशा बाळाचा श्वास घरघरू लागला किंवा रडण्याचा आवाज घोगरा झाला तर सकाळची वाट पाहत बसू नये. अर्ध्या चेहऱ्यावर पसरलेल्या मोठ्या चट्ट्याबरोबर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत किंवा हृदयात काही दोष आहे का हे तपासावे लागते. अंगावर पाच किंवा अधिक चट्टे असतील तर यकृताची सोनोग्राफी करून घेतात.

राहिला डोळा. १९९७ सालच्या पावसाळ्यात वरच्या अंगाच्या एका वाडीतून एक आई तीन महिन्यांची मुलगी घेऊन आली होती. दवाखाना सुरू करून मला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. मुलीच्या उजव्या पापणीवर हिमँजिओमा होता, पापणी जड होऊन अर्धी मिटलेली. आईला एकच चिंता होती, पुढे लग्नाचे कसे होईल. मी पुस्तकातले ज्ञान ऐटीत सांगितले, “घाबरू नका, शाळेत जाईपर्यंत आपोआप जाईल.” आणि ते गेलेही! पाचव्या वर्षी पापणीवर पुसट खूण तेवढी उरली. त्या घरात माझे नाव झाले.

२०१९ साली तीच मुलगी लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी लागणारा वैद्यकीय दाखला घ्यायला माझ्याकडे आली. पदवीधर, हसतमुख. नेहमीप्रमाणे भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. डाव्या डोळ्याने शेवटची ओळ घडाघडा वाचली. उजव्याने सगळ्यात वरचे मोठे अक्षरही तिला नीट ओळखता येईना. म्हणाली, “हा पहिल्यापासूनच असा आहे.” तिला वाटे, सगळ्यांचेच दोन डोळे सारखे नसतात.

झाले होते ते असे. बाळाची नजर जन्मतः तयार नसते. ती पहिल्या काही महिन्यांत आणि पुढच्या काही वर्षांत पाहून पाहून घडते. पापणी बुबुळावर आली, किंवा गाठीच्या दाबाने बुबुळाचा आकार जरासा जरी बदलला, तर त्या डोळ्याकडून मेंदूला अस्पष्ट चित्र जाते. मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पुढे गाठ विरली, डोळा बाहेरून अगदी सुंदर दिसू लागला, तरी मेंदूने ती सवय सोडलेली नसते. मोठेपणी चष्म्याने हे सुधारत नाही. दाखल्यावर मला जे खरे तेच लिहावे लागले.

तिने सरळ विचारले, “तेव्हा यावर औषध नव्हतं का?” मी म्हणालो, आज जे औषध देतात ते तेव्हा या कामासाठी कोणालाच माहीत नव्हते. हे खरे होते. पण पूर्ण खरे नव्हते, म्हणून पुढचेही सांगितले. तेव्हा स्टेरॉइड होते. त्याचे दुष्परिणाम पुष्कळ, तरी डोळा वाचवण्यासाठी ते देत असत. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर होते, चष्मा होता, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून कमजोर डोळ्याला कामाला लावण्याचा उपाय होता. मी तिला पाठवायला हवे होते, आणि मी पाठवले नाही. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पेपरात लिहिता ना, हे लिहा. माझं नाव नको.” लिहायला मला इतकी वर्षे लागली, हा माझा दुसरा अपराध.

आता त्या औषधाविषयी. त्याची गंमत अशी की १९९७ साली ते माझ्या कपाटात होते. प्रोप्रॅनोलॉल हे त्याचे नाव. रक्तदाब, छातीची धडधड, हात थरथरणे, अर्धशिशी यांसाठी आम्ही ते वर्षानुवर्षे लिहून देत आलो. ते बीटा ब्लॉकर या गटात मोडते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात ते तयार केले आणि त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. पण बाळाच्या चट्ट्यावर ते चालते हे कळायला आणखी वीस वर्षे लागली, आणि कळले तेही योगायोगाने. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात नाकावर मोठा हिमँजिओमा असलेल्या एका मुलाला स्टेरॉइड चालू होते. स्टेरॉइडमुळे त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला. म्हणून हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले. दुसऱ्याच दिवशी नाकावरचा लालभडक रंग जांभळट झाला आणि गाठ मऊ पडली. तिथल्या डॉक्टर क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे टिपले, आणखी मुलांवर पडताळून पाहिले आणि २००८ साली एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात अकरा मुलांचा वृत्तान्त एका लहानशा पत्रात छापला. सगळीकडचे डॉक्टर असे काही ना काही रोज पाहत असतात. या बाईंनी ‘असे का?’ म्हणून विचारले, हा फरक.

अकरा मुलांवरून निष्कर्ष काढायचा नसतो. पुढे रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अनेक देशांतल्या ४६० बाळांचा त्यात समावेश होता. काहींना औषध आणि काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रावण दिले. योग्य मात्रेत सहा महिने औषध घेतलेल्या शंभरातल्या ६० बाळांचा चट्टा पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेला. नुसते द्रावण घेतलेल्यांत असे शंभरात चारच निघाले. ‘आपोआप जाईल’ याला त्या वयात किती अर्थ आहे हे या चाराच्या आकड्यावरून समजावे. औषध नेमके कसे काम करते यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणून रंग उतरतो आणि नव्या वाहिन्या फुटणे थांबते, एवढे आपल्यापुरते पुरे.

आता पुन्हा त्या नाकावरच्या चट्ट्याकडे. आईच्या मोबाइलमध्ये बाळाचे जन्मापासूनचे फोटो होते. बारशाच्या फोटोत नाक स्वच्छ. महिन्याच्या फोटोत मसुराएवढा ठिपका. आणि समोर चिंचोक्याएवढा चट्टा. तीन फोटो एकापाठोपाठ दाखवले तेव्हा आजींनीच डोळे मोठे केले. मी फोटो पुण्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञ मित्राला पाठवले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते, ‘या आठवड्यात पाठव, पुढच्या नव्हे.’ कुंभार्ली घाट चढून मंडळी एका मोठ्या रुग्णालयात गेली. हृदयाची तपासणी, नाडी, रक्तदाब पाहून तिथे देखरेखीखाली औषध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी रंग उतरायला लागल्याचा फोटो आला.

आणि दहाव्या दिवशी बाळाच्या वडिलांचा मुंबईहून फोन आला. “डॉक्टर, खरं सांगा, बाळाला बीपी आहे का?” त्यांच्या खोलीवरच्या कोणीतरी औषधाचे नाव मोबाइलवर शोधून ‘हे म्हाताऱ्यांचे हृदयाचे औषध आहे, बाळाला मारतील’ असे सांगितले होते. त्यांनी घरी फोन करून औषध बंद करवले होते, चार दिवस झाले होते. चट्टा पुन्हा लाल होऊ लागला होता. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला कोणी समजावून सांगितलेच नव्हते, मीही नव्हते सांगितले. दहा मिनिटे बोललो, त्याने ऐकले, रुग्णालयाशी बोलून पुन्हा औषध चालू झाले.

त्याची भीती सर्वस्वी निराधार नाही, म्हणून हे नीट वाचा. या औषधाने बाळाच्या रक्तातली साखर एकाएकी उतरू शकते, नाडी मंद होऊ शकते, दमा असल्यासारखी छाती वाजू शकते. म्हणून ते दूध पाजल्यावरच द्यायचे, उपाशीपोटी कधीही नाही, आणि रात्रीही बाळाला फार वेळ उपाशी झोपू द्यायचे नाही. बाळ दूध ओढत नसेल, उलट्या-जुलाब होत असतील किंवा छाती वाजत असेल तर ती मात्रा चुकवायची आणि डॉक्टरांना लगेच कळवायचे. चुकलेली मात्रा पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढायची नाही. बाळ सुस्त, गार, घामेजलेले, लुळे वाटले तर त्याच क्षणी दूध पाजा आणि दवाखाना गाठा. झोपमोड होणे, हातपाय थोडे गार लागणे हे प्रकार दिसतात, ते बहुधा चालून जातात. औषध किमान सहा महिने, पुष्कळदा वर्षाचे होईपर्यंत चालते. थांबवल्यावर काही मुलांत चट्टा थोडा पुन्हा वाढतो, मग परत काही काळ द्यावे लागते. मात्रा किती, हे मी मुद्दामच लिहिलेले नाही. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीचा तुकडा कुटून मधातून बाळाला चाटवणारा वाचक या जिल्ह्यात एक जरी असला तरी या लेखाने वाटोळे होईल. (आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नसतो.) लहान, वरवरच्या चट्ट्यांवर याच गटातले टिमोलॉल नावाचे डोळ्यांचे थेंब वरून लावतात. तेही सल्ल्यानेच.

बिब्बा, चुना आणि तापलेली सळई यांनी भाजलेले चट्टे मी पाहिले आहेत. त्यांचे व्रण हिमँजिओमाच्या व्रणापेक्षा वाईट असतात. चट्ट्यातून रक्त आले तर स्वच्छ फडके दहा मिनिटे दाबून धरावे, थांबते.

सगळेच लाल डाग हिमँजिओमाचे नसतात, हेही सांगितले पाहिजे. जन्मतःच असलेला, सपाट, गुलाबी किंवा दारूसारखा लाल, बाळाबरोबरच वाढणारा डाग वेगळा. तो आपोआप जात नाही, या औषधानेही जात नाही. त्यावर लेसरचे उपचार असतात. तो कपाळावर आणि पापणीवर असेल तर काचबिंदूसाठी डोळे आणि फिटसाठी मेंदू तपासून घ्यावा लागतो. फरक ओळखणे कठीण वाटेल, पण ते काम तुमचे नाही. तुमचे काम दाखवण्याचे. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीच्या उजेडात, चट्ट्याशेजारी रुपयाचे नाणे धरून फोटो काढा. चट्टा वाढतो आहे की नाही हे फोटो सांगतील.

मात्र वेळ फार थोडा असतो. हा चट्टा पाचव्या ते आठव्या आठवड्यात सर्वांत झपाट्याने वाढतो, आणि तीन महिन्यांचे होईपर्यंत वरवरच्या गाठींची बहुतेक वाढ होऊन गेलेली असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली सांगितले की धोक्याच्या जागी चट्टा असलेले बाळ शक्यतो एक महिन्याचे होण्याच्या आत तज्ज्ञाने पाहावे. आपल्याकडे काय होते? बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. मग माहेराहून सासरी जायचे, मग मुंबईहून वडील आल्यावर ठरवू, मग गणपती. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ तज्ज्ञासमोर पोचते. तेव्हाही औषध लागू पडते, पण जे आधीच ताणले गेले ते परत येत नाही. औषध स्वस्त आहे. एका गोळीला चहाच्या कपाइतकेही पैसे पडत नाहीत. महाग आहे तो उशीर, आणि बुडालेला रोजगार. मुलगी असली की हा उशीर थोडा अधिकच होतो, हे माझे तीस वर्षांचे निरीक्षण आहे. ते चुकीचे ठरले तर मला आनंदच होईल.

माझे म्हणणे असे आहे की, यासाठी नवी योजना, नवे फलक, नवे उद्घाटन काही नको. आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातातच. सहाव्या आठवड्यात, म्हणजे नेमक्या वाढीच्या काळात, दीड महिन्याच्या डोससाठी बाळ उपकेंद्रात येतेच. त्या दिवशी सुई मांडीत असते म्हणून सगळ्यांचे लक्ष मांडीवर असते, चेहरा टोपड्यात आणि काजळात. ते टोपडे काढायला आणि तीट पुसायला अर्धे मिनिट लागते. डोळा, नाक, ओठ, हनुवटी यांवर लाल चट्टा दिसला तर वजनाच्या शेजारी कार्डावर तशी नोंद करावी आणि बाळाला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे धाडावे. आपल्या भागातून डेरवणला किंवा कराडला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, रत्नागिरीही आहे. लसीच्या कार्डावर यासाठी एक छापील ओळ असावी, अशी विनंती मी जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना या लेखातून करतो. आणि माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच, की चेहऱ्यावरचा चट्टा बघून ‘आपोआप जाईल’ म्हणायची जीभ झाली तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना एक चिठ्ठी लिहा, मग काय ते म्हणा.

नाकावरच्या चट्ट्याचे बाळ आता मजेत आहे. चट्टा फिकट होऊन नखाएवढा उरला आहे, औषध अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात आजी एकट्याच आल्या होत्या, गुडघे दुखतात म्हणून. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “डॉक्टर, शेजारच्या वाडीत एकीला पंधरा दिवसांपूर्वी मुलगी झालीय. तिच्या डोळ्याच्या वर तसाच लाल आहे. मी तिला सांगितलंय, सव्वा महिना नको थांबू.”

ती मुलगी परवा येऊन गेली.